शंकेचा हातोडा

हातोडा म्हटला की समोर खिळा हवा, निदान भिंत तरी हवी. अमेरिकेत घरच्या घरी काडतुसं भरणाऱ्या मंडळींकडे मात्र एक असा हातोडा असतो, की त्याला खिळाही लागत नाही आणि भिंतही. प्लास्टिकचा, डोक्यात पोकळ, वजनाला हलका. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो घरातल्या नातवाचा वाटतो. त्याला म्हणतात बुलेट पुलर. त्याचं काम एकच: भरून, दाबून, पुसून डब्यात ठेवलेल्या काडतुसातली गोळी पुन्हा बाहेर काढायची. काल रात्री आपणच मन लावून जे बसवलं, ते आज सकाळी आपणच उखडायचं.

बाकीची हत्यारं काहीतरी घडवण्यासाठी विकत घेतात. हे फक्त घडवलेलं मोडण्यासाठी. त्यामुळे दुकानात ते मागताना माणसाचा आवाज जरा खाली येतो. 'मला लागतो' असं कोणी म्हणत नाही. 'असावा घरात एक' असं म्हणतात. छत्री घेणारासुद्धा इतका आडपडदा ठेवत नाही.

विस्कॉन्सिनमध्ये आमच्या शेजारी एक म्हातारबुवा राहतात. कारखान्यातून निवृत्त झालेले, हाताने कसबी, बोलायला मोजके. त्यांच्या गॅरेजात गाडीला जागा नाही, कारण तिथे एक जाड लाकडी ओटा आहे, ओट्यावर लोखंडी प्रेस आहे, आणि प्रेसच्या आजूबाजूला लेबलं लावलेल्या डब्यांची वस्ती आहे. रविवारी सकाळी त्या गॅरेजातून 'ठक, ठक' ऐकू आलं, की म्हातारबुवांच्या मंडळी स्वयंपाकघरातूनच म्हणतात, "आज शंका आलेली दिसते." लग्नाला इतकी वर्षं झाली की माणसं हातोड्याच्या आवाजावरून तत्त्वज्ञान ओळखतात.

हा नाद तसा जुना. गेल्या शतकाच्याही आधी, रानगव्यांच्या मागे हिंडणारे शिकारी मैदानातच शिसं ओतून आणि दारू मोजून आपली पितळी पुंगळी पुन्हा पुन्हा भरत. दुकान शेकडो मैलांवर, तेव्हा रिकामी पुंगळी फेकणं परवडण्यासारखं नव्हतं. 1884 साली जॉन बार्लो नावाच्या गृहस्थाने कनेक्टिकटमध्ये 'आयडियल' नावाची कंपनी काढून चिमट्याच्या घाटाचं एक हत्यार विकायला आणलं, म्हणजे सगळं कामच खिशात मावायला लागलं. 1943 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टनने आरसीबीएस ही अशाच हत्यारांची कंपनी सुरू केली. 1958 मध्ये रिचर्ड ली याने विस्कॉन्सिनमध्येच असा एक संच काढला, की ज्याला प्रेसही लागू नये. एक छोटी पेटी आणि हाताशी एक लाकडी मोगरी, बस्स. आमच्या म्हातारबुवांची सुरुवात त्याच पेटीने झाली. 'आपल्या भागातलं आहे' हे ते अशा सुरात सांगतात, की आपल्याकडे कोणी आंब्याबद्दल सांगावं.

करायचं काय, तर चार वस्तू एकत्र आणायच्या. एक पितळी पुंगळी. तिच्या बुडाशी बसणारा इवलासा प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी टोपी. आत दारू. आणि तोंडाशी गोळी. उडवून झालेली पुंगळी प्रेसमध्ये घालून मूळ मापावर आणायची, जुना प्रायमर ढकलून काढायचा, नवा बसवायचा, दारू मोजून ओतायची, वरून गोळी दाबायची. ऐकायला सोपं आहे. चार वस्तू, चार हालचाली. चूक करायला मात्र चारांहून जास्त जागा आहेत.

हे लोक हा खटाटोप का करतात, असं विचारलं तर पहिलं उत्तर ठरलेलं: पैसे वाचतात. म्हातारबुवांनीही मला तेच सांगितलं, आणि ते सांगताना मंडळींनी मागून खाकरलं. हिशेब असा, की एक काडतूस निम्म्या किमतीत पडतं, म्हणून माणूस दुप्पट उडवतो. आणि दुप्पट उडवायची म्हणून आणखी एक प्रेस घेतो. खरं कारण वेगळं आहे. दुकानातलं काडतूस सगळ्यांसाठी बनवलेलं असतं. घरचं काडतूस आपल्याच बंदुकीच्या नळीला मानवेल असं, हाताने, पारखून बनवता येतं. ज्याला हाताने काही नेमकं करायची खोड आहे, त्याला एवढं पुरे.

आपल्याकडे या खोडीला कायद्यानेच दार लावलं आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही. महाराष्ट्रात काडतुसं बनतात ती पुण्याजवळ खडकीला, 1869 पासून चालत आलेल्या कारखान्यात, किंवा भुसावळजवळच्या वरणगावात. तिथे बनवणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा. बनवणाऱ्याने कितीही छातीठोकपणे सांगितलं, तरी तपासणारा पेटीतून नमुने उचलतो आणि आपल्या वहीत लिहितो. गॅरेजात हे दोघेही एकाच स्टुलावर, एकाच चष्म्यातून पाहत बसलेले असतात. आपल्याच कामाचे आपणच तपासनीस. ही नेमणूक किती अवघड आहे, ते आपली जुनी पत्रं वाचायला घेणाऱ्या कोणालाही कळेल.

त्यात मापं अशी की श्वास लागला तरी काटा हलावा. दारू मोजतात ती ग्रेनमध्ये. एका पौंडात 7000 ग्रेन. एक ग्रेन म्हणजे साधारण 65 मिलिग्रॅम. आपल्याला हे माप परकं वाटतं, पण इंग्रजांनी 1833 मध्ये तोळ्याचं वजन पक्कं केलं ते बरोबर 180 ग्रेनचं. तोळ्याच्या गुंजा 96, तेव्हा एक गुंज दोन ग्रेनलाही पुरती पडत नाही. .38 स्पेशल या जुन्या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात निशाणेबाजीसाठी जी दारू घालतात, ती तीन-साडेतीन ग्रेनच्या आसपास असते. म्हणजे साधारण पावणेदोन गुंजा. सराफ कट्ट्यावर जेवढ्या सोन्यासाठी गिऱ्हाईक आणि सराफ दोघेही श्वास रोखून तराजूकडे पाहतील, तेवढीच.

आता या .38 ची गंमत बघा. हे काडतूस 1898 च्या सुमाराचं, काळ्या दारूच्या जमान्यातलं. काळी दारू भरपूर लागायची म्हणून पुंगळी लांब ठेवली. पुढे बिनधुराची दारू आली, ती चिमूटभर पुरते. पुंगळी मात्र तेवढीच राहिली. घर मोठं, माणसं दोन. त्यामुळे आत दारू आहे की नाही, एकदा पडली आहे की दोनदा, हे वरवर पाहून पटकन कळत नाही. दोनदा पडली तरी उतू जात नाही, आणि एकदाही पडली नाही तरी वरून गोळी अगदी ऐटीत बसते. बाहेरून तिन्ही काडतुसं सारखी. पितळ तेवढंच झळकतं.

एकदाही न पडलेलं काडतूस उडवलं तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी निघते आणि नळीत मध्येच अडकून बसते. आवाज होतो फुसका. बेसावध माणसाला वाटतं, 'हं, काडतूस लागलं नाही', आणि तो पुढचं उडवतो. पुढचं चांगलं निघतं, हीच आपत्ती. नळी फुगते, कधी फुटते. दोनदा पडलेलं काडतूस याच्या उलट. ते पहिल्याच दणक्यात बंदुकीसकट जाब विचारतं. म्हणून ही मंडळी पन्नास पुंगळ्या एका लाकडी पाटात उभ्या करतात आणि गोळ्या बसवण्यापूर्वी विजेरी घेऊन एकेकीत डोकावतात. पन्नास विहिरी, प्रत्येकीत पाणी सारखं आहे ना, ते पाहायचं.

आणि नेमका तेव्हाच फोन वाजतो.

म्हातारबुवांचं म्हणणं आहे, की या नादाचा खरा शत्रू ओलावा नाही, ठिणगी नाही, फोन. मुलगी ओहायोहून फोन करते, दोन मिनिटं बोलते, आणि परत स्टुलावर बसल्यावर प्रश्न पडतो: आपण इथवर आलो होतो, की तिथवर? ही पुंगळी पाहून झाली होती की पाहायची होती? हात सवयीने पुढे गेलेले असतात. हातांना नेहमीच खात्री असते. डोक्याला ती नंतर लागते, बहुतेक रात्री, अंथरुणावर.

आता कोणी म्हणेल, वजन करून बघा की. ज्यात दारू नाही ते हलकं भरेल. रायफलच्या मोठ्या काडतुसात हे चालतं. .30-06 मध्ये पन्नासेक ग्रेन दारू असते; नसली तर हातालाही कळतं, हलवून कानालाही कळतं. पिस्तुलाच्या काडतुसात मात्र दारू चार-पाच ग्रेन, आणि वेगवेगळ्या कारखान्यांच्या पितळी पुंगळ्यांच्या वजनातच तेवढा फरक असतो. एक पुंगळी जड म्हणून रिकाम्या काडतुसाचं वजन भरतं, दुसरी हलकी म्हणून भरलेलं काडतूस संशयित ठरतं. तराजू आपला चोख काम करतो आणि निकाल मात्र देत नाही. न्यायालयांत हा अनुभव पुष्कळांनी घेतलेला आहे.

तेव्हा उपाय एकच उरतो. पन्नासांत एक वाईट असेल, कोणतं ते माहीत नाही, असेलच याचीही खात्री नाही; म्हणून पन्नासही फोडायची. इथे तो पोकळ हातोडा खुंटीवरून खाली उतरतो.

त्याची रचना बघण्यासारखी आहे. काडतुसाच्या बुडाशी एक बारीक कड असते. तिच्याभोवती तीन तुकड्यांची एक कडी बसवायची. हे तीन तुकडे रबरी रिंगने एकमेकांना धरून ठेवलेले असतात, आणि नवशिक्याच्या हातून ती रिंग ओट्याखाली जाते, मग तो गुडघ्यावर रांगतो. कडी बसली की काडतूस हातोड्याच्या डोक्यात मागच्या बाजूने घालायचं, गोळीचं नाक आत, बूड बाहेर. वरून झाकण फिरवून घट्ट करायचं. चष्मा लावायचा. मग हातोडा एखाद्या लाकडी ठोकळ्यावर किंवा गॅरेजच्या सिमेंटच्या जमिनीवर आपटायचा. बस्स. गोळीला कोणी पकडत नाही, ओढत नाही, हातसुद्धा लावत नाही.

शाळेत जडत्वाचा धडा शिकवताना बाई एसटीचं उदाहरण द्यायच्या. ड्रायव्हरने ब्रेक दाबला की गाडी थांबते, उभे प्रवासी पुढे जातात. हातोडा ही ती एसटी. डोकं जमिनीवर आपटून जागच्या जागी थांबतं, पुंगळी झाकणाला धरलेली असल्यामुळे तीही थांबते. गोळीला मात्र कोणी सांगितलेलं नसतं. ती आपली निघाली तशी निघते. दोन-चार दणक्यांत मानेतून सुटून हातोड्याच्या पोटात पडते, मागोमाग दारू भुरभुरत येते. न्यूटनने 1687 साली 'प्रिन्सिपिया'त पहिला नियम मांडला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे आकाशातले ग्रह होते. गॅरेजातला म्हातारा त्याच नियमावर आपली रविवारची सकाळ निभावून नेतो.

एसटीतलं आणखी एक इथे तंतोतंत लागू पडतं: ब्रेक लागल्यावर अंगाने भरलेला प्रवासी जास्त जोरात पुढे येतो. .45 ची 230 ग्रेनची गोळी, जवळजवळ पंधरा ग्रॅम वजनाची. एका-दोन दणक्यांत मुकाट खाली उतरते. .223 रायफलची 55 ग्रेनची, चार ग्रॅमसुद्धा नाही. ती ठोकून ठोकून हात दुखला तरी जागा सोडत नाही. भारदस्त गोळी चटकन ऐकते, चिमुरडी हटून बसते. म्हातारबुवांच्या मते नातवंडांची तऱ्हा वेगळी नाही.

आणि काही गोळ्या तर अशा, की वर्षानुवर्षं डब्यात पडून पुंगळीच्या पितळाशी त्यांचं सख्य जमलेलं असतं. दोन्ही धातू एकमेकांना इतके चिकटतात, की हातोडा हरतो. त्यावर जाणकारांकडे एक तोडगा आहे. अशी गोळी बाहेर काढायची असेल तर आधी प्रेसमध्ये घालून किंचित आत ढकलायची. केसभर. ती जुनी पकड 'कट' करून सुटते, आणि मग गोळी सहज निघते. बाहेर काढण्यासाठी आधी आत ढकलणे हा प्रकार मला पहिल्यांदा ऐकताना उलटा वाटला होता. पण हट्टाला बसलेल्या माणसाला उठवण्यासाठी 'बसा, बसा, घाई नाही' म्हणणारे लोक आपल्याकडेही पुष्कळ आहेत, आणि त्यांचीच कामं लवकर होतात.

ज्यांना हा ठोकाठोकीचा तमाशा नको, त्यांच्यासाठी शांत सोयही आहे. प्रेसला वरून बसवायचा एक कोलेट पुलर मिळतो. तो गोळीला चहूबाजूंनी पकडतो, आणि प्रेसचा दांडा हलवला की पुंगळी खाली जाते, गोळी पकडीत राहते. आवाज नाही, दारू सांडत नाही, काम भराभर होतं. पण त्याला पकडायला गोळीची बाजू हवी. पिस्तुलाच्या आखूड, गोलसर गोळ्यांवर तो घसरतो. नुसत्या शिशाच्या मऊ गोळ्या तर चेपूनच टाकतो. प्रत्येक मापाला वेगळा कोलेटही घ्यावा लागतो. शिवाय म्हातारबुवांचा त्यावर एक नैतिक आक्षेप आहे. "इतक्या शांतपणे चूक निस्तरली, तर लक्षात कशी राहणार?" असं ते विचारतात. हातोड्याचा आवाज शेजारीपाजारी जातो, बायको ऐकते, दंड दुखतो. त्यांच्या मते हा त्या हत्याराचा दोष नसून उपयोग आहे.

दणका बसला, गोळी सुटली, की झाकण उघडून सगळं एका ताटलीत ओतायचं. म्हातारबुवा हातोड्याच्या पोटात तळाशी कानात घालायचा फोमचा बोळा ठेवतात, म्हणजे गोळीचं नाक चेपत नाही. ताटलीत करड्या-काळ्या दारूच्या बारीक चकत्या पसरतात, त्यातून गोळी बोटांनी उचलायची, पुसायची, वेगळ्या डबीत टाकायची. पुंगळी वेगळी, तिच्या बुडाशी प्रायमर अजून जिवंत आहे, हे विसरायचं नाही. आणि दारू? तीच दारू, त्याच डब्यातून काढली आहे आणि तो डबा अजून ओट्यावर उघडा आहे, अशी शपथेवर खात्री असेल तर ती परत त्याच डब्यात. जरा जरी किंतु असला तरी नाही. दिसायला बहुतेक दारू सारख्याच. चकत्या, गोळे, कांड्या. एक झरझर जळणारी, एक सावकाश. त्यांची अदलाबदल म्हणजे पुढच्या अपघाताची पेरणी. म्हणून किंतुवाली दारू म्हातारबुवा घरासमोरच्या हिरवळीवर चिमूट चिमूट भिरकावतात. तिच्यात नायट्रोजन असतो. त्यांच्या हिरवळीचे काही पट्टे जरा जास्तच हिरवे दिसतात, आणि जाणत्याला त्यावरून त्यांच्या मनःस्थितीचा इतिहास वाचता येतो.

एका जातीच्या काडतुसांना मात्र हा हातोडा वर्ज्य आहे. .22 च्या साध्या काडतुसात ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो, आणि हातोडा नेमका त्या कडेलाच धरतो. तिथे दणका द्यायचा म्हणजे काडतूस उडवायचाच घाट. तेव्हा ते काडतूस चुकलेलं असलं तरी तसंच राहू द्यायचं. काही चुका दुरुस्त करण्यापेक्षा बाजूला ठेवाव्यात, हे या मंडळींच्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या कुटुंबांत ते लिहिलेलं नसतं, म्हणून दर दिवाळीला कोणीतरी आपटून बघतो.

या सगळ्यात मला नवल वाटतं ते एका गोष्टीचं. काडतूस उघडायचं हा निर्णय घेताना कोणतीही चूक सिद्ध झालेली नसते. पंच नाही, साक्षीदार नाही, पुरावा नाही. फक्त एक माणूस, रात्रीचा जागा, आणि 'बहुतेक ठीकच असेल' हे वाक्य. हे वाक्य फार गोड आहे. याच वाक्याच्या जोरावर आपण गॅसची शेगडी बंद केली असेल म्हणून गाव गाठतो, आणि अर्जात सगळं भरलं असेल म्हणून खिडकीवर देतो. धनुष्यातून सुटलेला बाण परत येत नाही, हे आपल्याला लहानपणापासून ऐकवलं जातं. पण बाण सुटण्याआधीचा जो निवांत वेळ असतो, त्यात काय करायचं याबद्दल कोणी फारसं सांगत नाही. काडतूस डब्यात आठवडा, महिना, वर्षभर पडून राहतं. तेवढी सवलत ते स्वतःहून देतं. आपण ती घ्यायची की नाही, एवढाच प्रश्न.

ओळखीच्या या मंडळींत उसनवारी भरपूर चालते. कोणी तराजू नेतो, कोणी साचे, कोणी रिकाम्या पुंगळ्या. पुलर मात्र कोणी उसना मागत नाही. तो मागायला जाणं म्हणजे काय झालं ते चारचौघांत सांगणं. त्यामुळे प्रत्येकाकडे स्वतःचा असतो, आणि प्रत्येकाचा हातोडा अगदी 'सहसा वापरत नाही' अशा जागी, पण हाताला चटकन लागेल असा टांगलेला असतो.

म्हातारबुवा एक वही ठेवतात. तारीख, पुंगळी कोणाची, दारू कोणती, वजन किती, गोळी कुठली. सगळं रेषा मारून. शेवटचा रकाना मोडलेल्या काडतुसांचा, आणि त्यात कारण एका शब्दात. मी एकदा पानं चाळली. 'चूक' हा शब्द क्वचित कुठे. बाकी खाली खाली सगळीकडे एकच: 'शंका'. त्या फोनच्या दिवसाचंही पान होतं. पन्नास मोडली, पन्नासांतही दारू होती, आणि ती जेवढी हवी तेवढीच.

"म्हणजे सगळी बरोबर होती," मी म्हटलं. "उगाच मेहनत गेली."

"बरोबर होती हे मोडल्यावर कळलं," म्हातारबुवा म्हणाले, आणि वही माझ्या हातून काढून घेतली. त्यांच्या मते, पन्नासांत एकही चूक सापडली नाही म्हणून ज्याला हळहळ वाटते, त्याला काडतुसं भरायला शिकवू नये.